ग्रंथालयाची तालिका, डिजिटल भांडार आणि ऑनलाइन नियतकालिक: मुक्त स्रोत साधनांनी उभं करायचं कसं

ग्रंथालयासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शोधायला बसलं की आधी नावांची रांगच अंगावर येते. कोहा, एव्हरग्रीन, स्लिम्स, डीस्पेस, ईप्रिंट्स, ग्रीनस्टोन, ओमेका, ओजेएस, वर्डप्रेस. प्रत्येकाचे भक्त वेगळे आणि प्रत्येक भक्ताला वाटतं की आपलंच साधन सगळ्यांना पुरेल. प्रत्यक्षात ही एकाच कामाची अवजारं नाहीत. त्यामुळे 'सगळ्यात चांगलं कुठलं' हा प्रश्न बाजूला ठेवून सुरुवात करू.

आधी कामं वेगळी करा

एका संस्थेच्या डोक्यात साधारण तीन कामं एकत्र घोळत असतात. पहिलं, कपाटातल्या पुस्तकांची तालिका, सभासद आणि देवघेव. याला एकात्मिक ग्रंथालय प्रणाली लागते: कोहा, एव्हरग्रीन किंवा आटोपशीर स्लिम्स. दुसरं, प्रबंध, जुने अंक, छायाचित्रं, हस्तलिखितं अशा फायलींचं टिकाऊ भांडार: डीस्पेस, ईप्रिंट्स, ओमेका एस. तिसरं, नवीन मजकूर प्रसिद्ध करणं, म्हणजे लेख मागवणं, तपासून घेणं, अंक काढणं: ओजेएस, आणि पुस्तकांसाठी त्याच कुटुंबातलं ओएमपी.

ही तिन्ही कामं एकाच साधनात कोंबायचा मोह टाळा. वर्डप्रेसला प्लगइन लावून देवघेव चालवणारे भेटतात. संस्थेचं संकेतस्थळ म्हणून वर्डप्रेस उत्तमच आहे, पण दाखल अंक (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला दिलेला क्रमांक), एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती, आरक्षण आणि दंड यांसाठी ते जन्माला आलेलं नाही. उलट बाजूचा मोहही तितकाच वाईट. तुमच्याकडे वीस-तीस पीडीएफच असतील तर त्यासाठी डीस्पेसचा सर्व्हर उभा करणं म्हणजे नसता उद्योग. कोहाच्या नोंदीत ८५६ या क्षेत्रात फाइलचा दुवा दिला की काम भागतं.

तिन्हींना जोडणारा धागाही आहे, ओएआय-पीएमएच नावाचा. २००१ साली आलेल्या या नियमसंचामुळे एक प्रणाली दुसरीच्या नोंदी ठरावीक पद्धतीने उचलून घेऊ शकते. कोहा, डीस्पेस आणि ओजेएस तिघांनाही तो येतो. पुढे व्ह्यूफाइंडसारखं शोध-साधन बसवून तिन्हीकडच्या नोंदी एकाच खिडकीतून शोधता येतात. म्हणून वेगवेगळी साधनं घेतली की माहिती विखुरेल, ही भीती फारशी खरी नाही.

निवडीची कसोटी: बाहेर पडता येतं का?

वैशिष्ट्यांचे तक्ते जुळवत बसण्यात वेळ जातो आणि हाती फारसं लागत नाही. मी चार गोष्टी पाहतो, त्यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची.

परवाना कुठला आहे ते वाचा. कोहा आणि ओजेएस जीपीएल परवान्याखाली आहेत, डीस्पेस बीएसडी प्रकारच्या. फुकट मिळणारं प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त स्रोत नसतं, हे इथेच कळतं. मार्कएडिट हे मार्क नोंदींवर (ग्रंथाची माहिती क्रमांक दिलेल्या क्षेत्रांत मांडणाऱ्या, संगणकाला वाचता येणाऱ्या नोंदींवर) काम करणारं अप्रतिम साधन आहे, विनामूल्य आहे, ग्रंथपालांचं लाडकंही आहे, पण त्याचा स्रोत खुला नाही. वापरायला हरकत काहीच नाही, फक्त त्यावर अख्खी इमारत उभी करू नका.

दुसरं, नवीन आवृत्त्या नियमित येतात का? कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आणि आवृत्तीचा क्रमांकच वर्ष-महिन्याचा असतो. असा ताल दिसला की प्रकल्प जिवंत आहे असं समजावं. तिसरं, प्रश्न विचारला तर उत्तर देणारी माणसं आहेत का? प्रकल्पाच्या चर्चापीठावरचे गेल्या महिन्याचे प्रश्न वाचा. अनुत्तरित किती राहिले ते लगेच दिसतं.

चौथं: या प्रणालीतून आपला डेटा जसाच्या तसा बाहेर काढता येतो का? प्रात्यक्षिक प्रत बसवल्यावर पहिल्याच दिवशी वीस नोंदी भरा, त्या निर्यात करा आणि दुसऱ्या एखाद्या साधनात उघडून पाहा. तालिकेसाठी मार्क २१, भांडारासाठी डब्लिन कोअर (घटकाचं वर्णन करणाऱ्या रकान्यांचा प्रमाणित संच) आणि मूळ फायली, नियतकालिकासाठी एक्सएमएल. सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांत बदलणार हे धरूनच चाला. नोंदी मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ वापरायच्या असतात. कोहाचा जन्मही अशाच पेचातून झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. १९९९ साली कटिपो कम्युनिकेशन्सने त्यांच्यासाठी नवी प्रणाली लिहिली, २०००च्या जानेवारीत ती चालू झाली आणि स्रोत सगळ्यांसाठी खुला झाला.

खरं काम डेटाचं

कोहा बसवायला एक दिवस पुरतो. त्यात घालायचा डेटा साफ करायला महिने लागू शकतात, आणि नियोजन करताना नेमकं हेच विसरलं जातं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात स्प्रेडशीटपासून होते. दाखल नोंदवहीवरून कोणीतरी कधीतरी टंकलेली, सतरा हातांतून गेलेली. ती उघडताना पहिला सापळा लागतो: आयएसबीएनचा तेरा अंकी आकडा स्प्रेडशीट आपणहून घातांकाच्या रूपात बदलते, दाखल अंकाच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकते. म्हणून फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडू नका. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये आयात करताना प्रत्येक स्तंभाला 'मजकूर' हा प्रकार द्या आणि अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा. जतन करतानाही यूटीएफ-८च. नाहीतर सगळ्या देवनागरी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल, आणि मूळ फाइलवरच जतन केलं असेल तर ती परत येत नाही.

शीर्षकं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असतील तर आधी ती रूपांतरित करून घ्यावी लागतात. रूपांतरक कोणताही वापरा, तपासणी ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांवर करा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जायची, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. घोटाळे हमखास तिथेच सापडतात.

युनिकोडमध्ये आलेला मजकूरही शुद्ध असेलच असं नाही. मराठीत दोन जागा फार त्रास देतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवत, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह (झीरो विड्थ जॉइनर) घालून, कधी त्याशिवाय. त्यामुळे एकाच यादीत 'ॲटलास' हा शब्द तीन प्रकारे साठलेला असू शकतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. वाचक एक टंकतो, पुस्तक दुसऱ्याखाली नोंदलेलं, आणि ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका, शांतपणे सांगतो की असं पुस्तकच नाही.

दुसरी जागा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'मधल्या अर्ध्या र ची. तो एक तर 'ऱ' या अक्षराला हलन्त देऊन लिहिलेला असतो, किंवा साधा 'र', हलन्त आणि पुढे तेच जोडचिन्ह. 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तो आंधळेपणाने पाळला तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र. म्हणून क्रम असा ठेवा: आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' हा त्रिकूट शोधून त्याजागी 'ऱ, हलन्त' घाला. मग 'अ'वर चंद्राचे दोन्ही प्रकार शोधून 'ॲ' करा. उरलेली जोडचिन्हं त्यानंतरच काढा. आणि तालिकीकरण करणाऱ्या सगळ्यांच्या संगणकावर एकच कळफलक ठेवा, म्हणजे हा कचरा पुन्हा साठणार नाही.

हे शोधा-बदला काम हजारो ओळींवर करायला ओपनरिफाइन वापरा. हेही मुक्त स्रोत आहे, तुमच्याच संगणकावर ब्राउझरमध्ये चालतं आणि प्रत्येक पायरी मागे घेता येते. त्यात लेखकाच्या स्तंभावर 'फॅसेट' लावलं की सगळी वेगवेगळी रूपं बाजूला मोजून दिसतात: 'देशपांडे, अ. ब.', 'अ.ब. देशपांडे', 'देशपांडे अ ब'. 'क्लस्टर' ही सोय सारखी दिसणारी रूपं गटाने पुढे ठेवते. मात्र तिच्या सूचना म्हणजे नुसत्या सूचना. सगळं निवडून एकदम विलीन करण्याचं बटण तिथे आहे. ते दाबलं की आजोबा आणि नातू एकच लेखक होण्याची शक्यता असते. आडनावं आणि आद्याक्षरं सारखी असलेली माणसं मराठीत काही कमी नाहीत.

यानंतर एक वैचारिक बदल करायचा असतो. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला एक ओळ असते. मार्कमध्ये एका ग्रंथाला एक नोंद, आणि त्या नोंदीखाली जितक्या प्रती तितकी प्रत-क्षेत्रं. पाच प्रतींच्या पाच ओळी तशाच आयात केल्या तर ओपॅकमध्ये एकच पुस्तक पाच वेळा दिसेल आणि आरक्षण एकाच प्रतीला चिकटेल. म्हणून आयएसबीएनवर, आणि तो नसेल तर शीर्षक, लेखक, प्रकाशक व आवृत्ती यांच्या जोडीवर ओळी गटवा.

मग स्तंभांना मार्कची क्षेत्रं द्या. आयएसबीएन ०२०, वर्गांक ०८२, लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशन २६४ (जुन्या नोंदींत २६०), पृष्ठं आणि आकार ३००, विषय ६५०. कोहाची स्वतःची दोन: ९४२ मध्ये ग्रंथप्रकार आणि ९५२ मध्ये प्रत. ९५२ मधली उपक्षेत्रं नीट भरा: 'ए' आणि 'बी' मध्ये मूळ व सध्याचं ग्रंथालय, 'ओ' मध्ये दर्शनी वर्गांक, 'पी' मध्ये बारकोड, 'वाय' मध्ये प्रकार. बारकोड म्हणून दाखल अंकच वापरला तर जुनी नोंदवही आणि नवी प्रणाली यांचा मेळ कायम राहतो. वेगळी मालिका काढण्यात मला कधी फायदा दिसलेला नाही.

कोहा: बसवण्यापासून देवघेवीपर्यंत

डेबियन किंवा उबुंटूची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घ्या. छोट्या ग्रंथालयाला चार जीबी रॅम आरामात पुरते. पहिला प्रयोग खऱ्या सर्व्हरवर नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी मशीन करा. मोडलं तर पुसून पुन्हा.

कोहा प्रकल्पाचा अधिकृत पॅकेज-स्रोत जोडून 'कोहा-कॉमन' हे पॅकेज बसवा. स्रोतसंग्रहातून हाताने बांधणी करण्याच्या जुन्या पाककृती जालावर अजून सापडतात. त्यांच्या नादी लागू नका, पुढचं प्रत्येक अद्ययावतीकरण डोकेदुखी होईल. मग साइटच्या मांडणी-फाइलमध्ये डोमेन आणि पोर्ट ठरवा आणि 'कोहा-क्रिएट' या आज्ञेने, सोबत डेटाबेस तयार करण्याचा पर्याय देऊन, आपलं ग्रंथालय निर्माण करा. वाचकांचा ओपॅक आणि कर्मचाऱ्यांचं दालन हे दोन वेगळे पत्ते असतात. कर्मचाऱ्यांचं दालन शक्यतो अंतर्गत जाळ्यापुरतंच ठेवा. वेग हवा असेल तर 'प्लॅक' (कोहाचा कोड स्मृतीत तयार ठेवणारी सोय) सुरू करायला विसरू नका. कोहा हळू चालतं अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच न केलेलं असतं.

ब्राउझरमधला स्थापना-सहायक मार्कचा प्रकार विचारेल. इथे मार्क २१ निवडा आणि विचार करूनच निवडा, नंतर हे बदलत नाही. मराठी दर्शनी भाषा हवी असेल तर 'कोहा-ट्रान्सलेट' ही आज्ञा उपलब्ध भाषांची यादी दाखवते, त्यातून बसवता येते.

देवनागरी शोध हा वेगळा विषय. कोहाचं मूळचं शोध-इंजिन झेब्रा. ते साध्या अक्षर-नकाशावर चालत असेल तर रोमन लिपीबाहेरच्या शब्दांचा नीट निर्देशांक होत नाही. त्याला आयसीयू (युनिकोडमधल्या लिपी हाताळणारा कोड-संच) साखळीवर आणावं लागतं, किंवा झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च वापरून त्यात आयसीयूचं प्लगइन बसवावं लागतं. छोट्या संग्रहाला झेब्रा आणि आयसीयू पुरेसं आहे. बदल केल्यावर पूर्ण निर्देशांक नव्याने बांधा, आणि लगेच 'ॲ', 'ऱ्ह', 'ळ', अनुस्वार असलेली दहा शीर्षकं शोधून पाहा. हे नोंदी आयात करण्याआधी, पाच-सात चाचणी नोंदींवरच उरकून घ्या.

आता नियम. प्रशासन विभागात क्रमाने ग्रंथालयं, ग्रंथप्रकार, सभासदवर्ग आणि मग देवघेवीचे नियम भरा. देवघेवीचा नियम सभासदवर्ग आणि ग्रंथप्रकाराच्या जोडीवर ठरतो: विद्यार्थ्याला कथा-कादंबरी किती, किती दिवस, मुदतवाढ किती वेळा. जोडीसाठी खास नियम असेल तर कोहा तो लावतं, नसेल तर सर्वसाधारण नियमाकडे जातं. म्हणून 'सर्व वर्ग, सर्व प्रकार' असा एक पायाभूत नियम आधी करून ठेवा. एकही नियम जुळला नाही तर कोहा पुस्तक देऊच देत नाही, आणि उद्घाटनाच्या दिवशी खिडकीपाशी गर्दी असताना हे कळणं बरं नव्हे. सुट्ट्यांचं कॅलेंडर भरून होईपर्यंत दंड-गणना बंद ठेवा. बंद दाराच्या दिवसाचा दंड लागला की सभासद सॉफ्टवेअरला नाही, तुम्हाला विचारतात.

आयातीसाठी नोंदी आधी 'स्टेज' होतात, म्हणजे मांडवात येऊन थांबतात. तिथे जुळणीचा नियम (आयएसबीएन) लावून दुहेरी नोंदी ओळखता येतात. पन्नास नोंदींची पहिली तुकडी आणा, ओपॅकमध्ये प्रत्येक उघडून पाहा. चुकलं तर ती तुकडी मागे घेण्याची सोय तिथेच आहे. पन्नास ठीक दिसल्या की हजाराच्या तुकड्या. नव्या खरेदीच्या पुस्तकांसाठी झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांत शोधण्याचा नियमसंच) वापरून मोठ्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी ओढता येतात. इंग्रजी पुस्तकांना याचा फार उपयोग, मराठी पुस्तकांच्या नोंदी अनेकदा रोमन लिप्यंतरात मिळतात. त्या घेतल्या तर मूळ देवनागरी शीर्षक भरल्याशिवाय जतन करू नका.

डिजिटल भांडार

इथे निवड सामग्रीवर ठरते. प्रबंध, अहवाल, शोधनिबंध असा मजकूरप्रधान संग्रह, अनेक विभाग, अनेक जण भर घालणारे, असं असेल तर डीस्पेस. २००२ साली एमआयटी आणि एचपीच्या प्रयोगशाळेने ते आणलं. सातव्या आवृत्तीपासून त्याचं दर्शनी आणि मागचं अंग वेगळं झालं आहे. जावा, पोस्टग्रेस, सोलर आणि वर अँग्युलर, एवढा सगळा पसारा सांभाळायला तांत्रिक माणूस लागतो. तो नसेल तर डीस्पेसचा हट्ट धरू नका. छायाचित्रं, पत्रं, वस्तू, नकाशे अशी सामग्री कथा सांगत मांडायची असेल तर ओमेका एस. ते पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं आणि सामान्य होस्टिंगवरही बसतं.

डीस्पेसमध्ये समुदाय, उपसमुदाय, संग्रह आणि मग घटक अशी उतरंड असते. संस्थेचे विभाग जसेच्या तसे समुदाय म्हणून उतरवले की पुढच्या वर्षी विभागांची नावं बदलतात आणि उतरंड उगाच शिळी होते. सामग्रीच्या प्रकारावर बेतलेली, दोन पातळ्यांची उथळ रचना जास्त टिकते. जुनी सामग्री एकगठ्ठा भरायला 'सिंपल आर्काइव्ह फॉरमॅट' आहे: प्रत्येक घटकाचा एक फोल्डर, त्यात डब्लिन कोअरची एक्सएमएल फाइल, फायलींची यादी आणि प्रत्यक्ष फायली. डब्लिन कोअरची मूळ घटकं पंधराच. त्यातली शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, प्रकार, विषय आणि हक्क ही सात नीट भरलीत तर संग्रह शोधण्याजोगा होतो.

एक गोष्ट हमखास राहते. नव्या डीस्पेसमध्ये कायमस्वरूपी दुव्यांसाठी १२३४५६७८९ हा नमुना उपसर्ग असतो. बरीच भांडारं तोच घेऊन वर्षानुवर्षं चालतात. दिसायला तो कायमचा पत्ता वाटतो, पण नोंदणी नसल्याने तो कुठेच पोचवत नाही. असे कायमचे दुवे चालवणाऱ्या हँडल प्रणालीकडे स्वतःचा उपसर्ग नोंदवा, आणि तो पहिला घटक भरण्याआधी मांडणीत घाला.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: मजकुराला ३०० डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये जपून ठेवा, वाचकाला पीडीएफ द्या. पानं सरळ करणं, कडा कापणं यासाठी स्कॅनटेलर. अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट, हे एचपीमध्ये जन्मलं, २००५ मध्ये मुक्त झालं, आणि चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल जाळ्यांवर चालतं. त्यात मराठीचा वेगळा भाषासंच आहे, तो निवडा. हिंदीचा संच चालवून 'ळ'ची वाट लावलेले संग्रह पाहायला मिळतात. ओसीआरमायपीडीएफ हे साधन टेसरॅक्ट वापरून पानाच्या चित्राखाली मजकुराचा अदृश्य थर घालतं आणि पीडीएफ/ए या जतनयोग्य रूपात फाइल देतं. जुन्या खिळाछपाईच्या पानांवर चुका राहतातच. शोधासाठी तो मजकूर चालतो, उद्धृत करण्यासाठी नाही, आणि तसं पानावर स्पष्ट लिहा.

पुस्तक आपल्या कपाटात आहे म्हणून ते जालावर टाकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. प्रत्येक घटकाच्या हक्काच्या रकान्यात काहीतरी ठोस हवं: हक्क संपले आहेत, लेखकाची लेखी परवानगी आहे, की क्रिएटिव्ह कॉमन्सचा अमुक परवाना आहे. रिकामा रकाना असलेला घटक सार्वजनिक करू नये, असा नियमच करून टाका.

नियतकालिक काढायचं असेल तर

ओजेएस हे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं (पीकेपी) साधन. लेख येण्यापासून परीक्षण, संपादन-संस्करण, निर्मिती आणि अंक प्रसिद्ध होईपर्यंतचा सगळा प्रवास त्यात नोंदला जातो. पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असलं की ते चालतं, त्यामुळे बसवणं सोपं, आणि सोपं असल्यानेच कशीही बसवलेली ओजेएस जागोजाग दिसतात.

बसवताना तीन गोष्टी. लेखकांनी पाठवलेल्या फायलींचा फोल्डर वेबच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवा. आत ठेवला तर अप्रकाशित लेख आणि परीक्षकांची टिपणं कोणालाही उतरवता येऊ शकतात. नोंदणीला कॅप्चा आणि ईमेल-पडताळणी लावा. नाहीतर काही आठवड्यांत बनावट वापरकर्त्यांचा ढीग साचतो. आणि ईमेल नीट जातात का ते तपासा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आल्याची खात्री देणाऱ्या) जोडून. ओजेएसचं सगळं काम ईमेलवर चालतं. विनंत्या स्पॅममध्ये पडत असतात आणि संपादक म्हणत बसतात की हल्ली परीक्षक उत्तरच देत नाहीत.

भूमिका मोजक्या ठेवा. ओजेएस संपादक, विभाग-संपादक, संस्करणकार, मांडणीकार, मुद्रितशोधक अशा बऱ्याच भूमिका देतं. दोघं-तिघं मिळून अंक काढणार असाल तर संपादक, परीक्षक आणि लेखक एवढ्याच वापरा. परीक्षण दोन्हीकडून अनामिक असेल तर लेखाच्या फाइलच्या गुणधर्मांतलंही लेखकाचं नाव पुसावं लागतं. पहिल्या पानावरचं नाव काढून भागत नाही. जुने छापील अंक चढवायचे असतील तर 'क्विक सबमिट' प्लगइन परीक्षणाच्या पायऱ्या वगळून लेख थेट अंकात घालतं.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-क्रमांक, मिळवा, तो ऑनलाइन आवृत्तीला वेगळा असतो. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक) देणार असाल तर क्रॉसरेफसारख्या नोंदणी-संस्थेचं सभासदत्व लागतं. डीओआयचा उत्तरार्ध अंक-वर्षाशी किंवा संकेतस्थळाच्या पत्त्याशी जोडू नका. छोटा, अर्थहीन क्रमांक उत्तम. डीओआय हे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. पत्ता बदलला तर आम्ही तो नोंदणीत सुधारू, एवढंच वचन त्यात असतं, आणि ते न पाळलेले मेलेले डीओआय खूप आहेत. दीर्घकाळ जतनासाठी पीकेपीचं जतन-जाळं प्लगइनद्वारे जोडता येतं. ते लॉक्स या, अनेक ठिकाणी प्रती ठेवण्याच्या पद्धतीवर चालतं.

ई-पुस्तकांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. मजकूर मार्कडाउनमध्ये लिहा, पॅनडॉकने त्यातून ईपब, एचटीएमएल आणि पीडीएफ तिन्ही काढा. देवनागरी पीडीएफसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक आणि नोटोसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट घ्या. ईपब सिजिलमध्ये उघडून तपासा, ईपबचेकने दोष शोधा. भाषेची खूण मराठीची ठेवा, कारण वाचून दाखवणारी साधनं तीवरून उच्चार ठरवतात. पीडीएफ झाली की त्यातला एक परिच्छेद निवडून दुसरीकडे चिकटवा. अक्षरं विस्कटली तर ती फाइल छापायला ठीक, शोधयंत्राला निरुपयोगी.

चालू ठेवणं

कोहा रोज रात्री आपल्या डेटाची राखीव प्रत (बॅकअप) काढतं, पण त्याच मशीनवर आणि थोडेच दिवस ठेवतं. डिस्क गेली की मूळ डेटा आणि प्रत दोन्ही गेले. म्हणून ती प्रत रोज आपोआप दुसऱ्या मशीनवर आणि आठवड्यातून एकदा वेगळ्या इमारतीत जाईल अशी सोय करा. डीस्पेस आणि ओजेएसमध्ये नुसता डेटाबेस पुरत नाही. फायलींचा साठा आणि मांडणीची फाइल यांची प्रत त्याच वेळची हवी, नाहीतर नोंद आहे पण पीडीएफ नाही, अशी अवस्था होते. डीस्पेस प्रत्येक फाइलची पडताळणी-बेरीज जपून ठेवतं. ती तपासण्याचं काम वेळापत्रकात घाला, म्हणजे निमूटपणे बिघडलेली फाइल चांगली प्रत शिल्लक असतानाच सापडेल.

दर सहा महिन्यांनी रिकाम्या आभासी मशीनवर प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून पाहा. याच मशीनवर नवीन आवृत्तीचीही चाचणी होते. आधी इथे अद्ययावत करा, देवघेव, शोध आणि अहवाल तपासा, मग खऱ्या सर्व्हरवर. दोन-तीन मोठ्या आवृत्त्या साचू दिल्या तर ही उडी अवघड होते, विशेषतः ओजेएसमध्ये, जिथे बाहेरची थीम आणि प्लगइनं नव्या आवृत्तीशी जुळत नाहीत. सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण त्याची मुदत थोडी असते. नूतनीकरण स्वयंचलित आहे ना, ते पाहा.

राहता राहिलं ते मालकीचं. डोमेन, होस्टिंग, हँडल उपसर्ग आणि क्रॉसरेफचं खातं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असू द्या, कोणा उत्साही कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर नको. पासवर्ड कीपासएक्ससीसारख्या मुक्त साधनात ठेवा आणि त्याची किल्ली निदान दोघांकडे असू द्या. बसवताना घेतलेले निर्णय, कोणता नियम का केला, कोणतं उपक्षेत्र कशासाठी वापरलं, हे चार-पाच पानांत मराठीत लिहून कोहाच्या सर्व्हरवर नाही तर छापून दाखल नोंदवहीशेजारी ठेवा. सर्व्हर बंद पडलेला असेल तेव्हाच ती लागतात.